नवऱ्याच्या नावावरचा दोष

प्रमोदिनी कर्णिक भिवंडीतल्या एका मराठी शाळेच्या सकाळच्या सत्रात विज्ञान शिकवायची. बाईंपुढे खोटं टिकत नाही, अशी मुलांत तिची ख्याती होती. वही घरी राहिली म्हणणाऱ्याकडे ती चष्म्यावरून नुसती बघायची, की पोरगं आपणहून कबूल करायचं. अशा बाईच्या पोटात एक गोष्ट आठ वर्षं बसून होती, आणि तिची किंमत नवरा मोजत होता.

लग्न होऊन ती या गावात आली ती १९८४ साली. नवरा केसरीनाथ गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तर दिवसभर हळहळणारा माणूस. घरात तो, ती आणि त्याची आई. आईला सगळे माई म्हणत. माई वाईट नव्हत्या, पण तोंडाने फटकळ. लग्नाला दोन वर्षं होऊनही मूल झालं नाही, तशी त्यांनी सुरुवात केली. "आमच्या घरात असं कधी झालं नाही." "तुझ्या माहेरी कुणाला होतं का गं असलं काही?" ओटी भरण्याच्या कार्यक्रमाला शेजारच्या बायका प्रमोदिनीला वगळून पुढे जात आणि माई ते बघूनही गप्प बसत. प्रमोदिनी शाळेत ताठ मानेने वावरायची आणि घरी भांडी घासताना रडायची.

तिसऱ्या वर्षी केसरीनाथच म्हणाला, "आपण तपासून घेऊ. आधी माझं."

त्याची तपासणी ठाण्याच्या लॅबमध्ये झाली. रिपोर्ट त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आला. प्रमोदिनीची शाळा साडेबाराला सुटायची, म्हणून तो आणायला तीच गेली. म्हातारे डॉक्टर कागद वाचून म्हणाले, "शुक्रजंतू जरा कमी आहेत. पण एवढ्या आकड्यावर मुलं झालेली मी पुष्कळ पाहिलीत. नुसत्या यावरून काही ठरत नाही. आता तुमची तपासणी करून घेऊ. पुढच्या आठवड्यात या."

घरी येऊन तिने कागद नवऱ्याच्या हातात दिला. डॉक्टरांचं बाकीचं बोलणं जेवताना सांगू, असं तिच्या मनात होतं. केसरीनाथने कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सरळ माईंच्या समोर जाऊन उभा राहिला.

"आई, दोष माझ्यात आहे. आजपासून तिला एक अक्षरही बोलायचं नाही."

प्रमोदिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. माईंचा चेहरा पडला. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "बस, बाळ. उभी का?"

तीन वर्षांत माईंनी तिला पहिल्यांदा बाळ म्हटलं होतं. प्रमोदिनी बसली. त्याच वेळी सांगायला हवं होतं की अजून काही ठरलेलं नाही, माझी तपासणी व्हायची आहे. पण इतक्या दिवसांनी कुणी प्रेमाने बोललं होतं, आणि त्या उबेतून उठवेना. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. उद्याचा परवा झाला. पुढच्या आठवड्यात ती डॉक्टरांकडे गेली नाही. "डॉक्टर आणखी काही म्हणाले का?" असं केसरीनाथने एकदाच विचारलं. "नाही," ती म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मग जे तिच्या वाट्याचं होतं ते त्याच्या वाट्याला गेलं. माईंनी कुठल्या कुठल्या वैद्यांची चूर्णं आणली, ती तो मुकाट्याने दुधातून घ्यायचा. दंडाला ताईत आला, गुरुवारचे उपास आले. टेमघरला राहणारे त्याचे चुलते दत्तोपंत मोठे गमतीदार, लग्नाकार्यात चारचौघांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय केसरीनाथ, नुसती पुस्तकंच वाढवतोस की काय?" लोक हसायचे. तोही हसायचा. वाचनालयात बालविभाग त्यानेच सुरू केला होता. दर रविवारी वीस-पंचवीस पोरं जमवून तो त्यांना गोष्टी वाचून दाखवायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, "घरी नाहीत, म्हणून दुसऱ्यांची गोळा करतो बिचारा." पुढच्या रविवारपासून त्याने ते काम दुसऱ्यावर सोपवलं. प्रमोदिनीला कारण माहीत होतं. तिने ते माहीत नसल्यासारखं केलं.

अशी आठ वर्षं गेली.

शेजारच्या उर्दू शाळेत सालेहा नावाची तिची मैत्रीण गणित शिकवायची. दोघी एकाच रिक्षाने घरी जात. सालेहाचं घर पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलंच, मराठी प्रमोदिनीपेक्षा ठसकेबाज. १९९५च्या उन्हाळ्यात एक दिवस ती म्हणाली, "माझ्या नणंदेला मुंबईला टेस्ट ट्यूबने मुलगी झाली. तिच्या नवऱ्याचं तर तुझ्या नवऱ्याहून कमी होतं. तू त्या देवमाणसाला जन्मभर असाच बसवून ठेवणार आहेस का?"

ते शेवटचं वाक्य प्रमोदिनीला लागलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो लगेच तयार झाला, जणू कुणी विचारण्याचीच वाट बघत होता.

मुंबईच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याची पुन्हा तपासणी केली आणि म्हणाले, "थोडे कमी आहेत, पण आम्हाला पुरेसे आहेत." केसरीनाथ त्या दिवशी परतताना सबंध रस्ताभर बोलत होता. प्रमोदिनीने त्याला इतकं बोलताना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच पाहिलं होतं.

रोजची इंजेक्शनं सुरू झाली. बीजं वाढतायत की नाही हे सोनोग्राफीत बघायला एक दिवसाआड मुंबई. कमरेवर निळे डाग पडले, पोट फुगलं, शाळेत उभं राहून शिकवणं जड जाऊ लागलं. माई तिला गरम पाण्याची पिशवी करून द्यायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "दोष माझ्या मुलाचा, आणि सुया ही टोचून घेते. अशी सून मिळायला पुण्य लागतं." भिंतीपलीकडून ते ऐकताना प्रमोदिनीला वाटायचं, त्यांनी पूर्वीसारखं टोचून बोलावं, ते परवडलं.

ठरलेल्या दिवशी बीजं काढली. आठ मिळाली. दुपारी गुंगी उतरल्यावर प्रयोगशाळेतल्या तरुण डॉक्टर तिला बघायला आल्या. सुचेता त्यांचं नाव. प्रमोदिनी विज्ञान शिकवते हे कळल्यावर त्या खुलून बोलू लागल्या. प्रमोदिनीने विचारलं, "मला बघता येतील?"

सुचेतांनी तिला उठायला हात दिला. मग म्हणाल्या, "या."

प्रयोगशाळेच्या काचेबाहेर एक लहान टीव्ही होता, आतल्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेला. शेजारी भिंतीवर चांगल्या स्त्रीबीजाचा फोटो लावला होता. गोल, नितळ, नीट शिजलेल्या साबुदाण्यासारखं आरपार. मग पडद्यावर तिचं पहिलं बीज आलं. मधोमध काळसर गोळा, त्यात रव्यासारखे दाणे, कडेला दोन-तीन फुगे आणि भोवतालचं कवच जाड. दुसरं तसंच. तिसऱ्याचा आकारच लांबट.

"तीन अजून कच्ची आहेत," सुचेता म्हणाल्या. "त्यांचा आज उपयोग नाही. ही पाच पिकलेली आहेत, पण बघा, मध्ये सगळीकडे असे दाणे. बाई, एखादा दोष तर पुष्कळ जणींच्या बीजात दिसतो, त्याने फारसं बिघडत नाही. तुमच्या सगळ्याच बीजांत एकाच जागी एकाच तऱ्हेचा दोष दिसतोय. अशी बीजं फळतात कमी, आणि फळली तरी गर्भ पुढे वाढत नाही."

"कशामुळे होतं?"

"काही जणींचं मुळातलंच असतं. वयानेही प्रत खालावते. तुमचं नेमकं काय, ते नाही सांगता यायचं."

प्रमोदिनीने पुढचा प्रश्न विचारू नये असं ठरवलं आणि विचारला. "मी आठ वर्षांपूर्वी आले असते तर?"

"कुणीच खात्रीने सांगणार नाही. पण अठ्ठाविसाव्या वर्षी थोडी बरी निघाली असती, अशी शक्यता होती."

वर्गात कुणाचं खोटं उघडं पडलं की त्याचे कान लाल व्हायचे, ते ती रोज पाहायची. आज तिचे स्वतःचे कान तापले. सुचेतांना वाटलं, बाईंना घेरी येतेय. त्यांनी तिला धरून खाटेवर नेलं.

दोन दिवसांनी गर्भ आत ठेवायचा होता. केसरीनाथ बाहेरच्या बाकावर बसला. आत मोठे डॉक्टर म्हणाले, "पाचांपैकी दोन फळली. त्यातलं एक दोनच पेशींवर थांबलं, दुसऱ्याचे तुकडे पडले. आज ठेवण्यासारखं काही नाही. बीजांची प्रत चांगली नाही, हेच कारण. तुमच्या मिस्टरांना बोलवा, मी समजावतो त्यांना."

"नको," प्रमोदिनी घाईने म्हणाली. "मी सांगते. मी विज्ञानच शिकवते ना, नीट समजावेन."

डॉक्टरांच्या दारापाशी आणखी चार बायका थांबल्या होत्या. डॉक्टरांनी मान डोलावली.

ती बाहेर आली. केसरीनाथ उठून उभा राहिला. तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "माझ्यामुळेच ना?"

बाजूने वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन चालला होता. त्याला वाट द्यायला दोघं भिंतीला टेकली. तेवढा वेळ तिला मिळाला होता. तेवढ्या वेळात काहीही बोलता आलं असतं.

"हो म्हणाले," ती म्हणाली.

ठाण्याहून भिवंडीची एसटी पकडली. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती, गाडी अर्धा तास जागची हलली नाही. खाली खाडी, पुढे-मागे हॉर्न. केसरीनाथ खिडकीबाहेर बघत होता. मग मान न वळवता म्हणाला, "मला माफ कर. तुला उगाच एवढ्या सुया सोसाव्या लागल्या."

तिने पदराचं टोक तोंडात धरलं. शेजारच्या बाईला वाटलं, हिला गाडी लागते. तिने लिंबू पुढे केलं.

तीन आठवडे गेले. तो शुक्रवार होता. शुक्रवारी गल्लीतले कापडाचे लूम बंद असत. एरवी दिवसभर चालणारी खटखट नसली की गल्लीत एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू जायचं. वाचनालय दुपारी बंद असे, म्हणून केसरीनाथ घरी होता. माई आतल्या खोलीत पडल्या होत्या. तो जमिनीवर बसून खिळखिळ्या झालेल्या एका पुस्तकाचा कणा खळीने चिकटवत होता. प्रमोदिनी तांदूळ निवडत होती.

"मी उद्या मुंबईला जाऊन येतो," तो हळू आवाजात म्हणाला. "एकटाच."

"कशाला?"

"डॉक्टरांना विचारायला. दुसऱ्या पुरुषाचं बीज घेऊन करतात म्हणे. नावगाव कळत नाही. मी खूप विचार केला, प्रमोदिनी. तुझ्यात काही दोष नाही, तू का तशीच राहायचंस? मूल तुझं असलं की माझंच झालं. आईला सांगायची गरज नाही."

बोलताना त्याने मान वर केली नाही. कण्यावर कापडाची पट्टी ठेवून तो अंगठ्याने ती दाबत राहिला.

प्रमोदिनीच्या हातातलं सूप तिरकं झालं. तिला पहिल्यांदा जे सुचलं ते असं, की उद्या हा डॉक्टरांसमोर बसेल आणि डॉक्टर सांगतील. त्याचा मोठेपणा तिला त्यानंतर दिसला. हा क्रम तिच्या पुढे कायम लक्षात राहिला, आणि त्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"का?"

"तुमचा दोष नाही."

तो हसला. "तू कशाला माझी समजूत घालतेस?"

"समजूत नाही घालत. माझी बीजं खराब आहेत. मी डोळ्यांनी पाहिलीत, टीव्हीवर. काळी. आठच्या आठ. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तुमचं पुरेसं आहे, ते तर तुमच्यासमोरच म्हणाले होते. मी बाहेर येऊन खोटं सांगितलं."

पट्टीवरचा अंगठा तसाच राहिला. आता सुरू झालंच होतं, म्हणून ती थांबली नाही. आठ वर्षांपूर्वी म्हातारे डॉक्टर काय म्हणाले होते, तपासणीला बोलावलं असताना आपण का गेलो नाही, माईंनी बाळ म्हटल्यावर आपल्याला काय वाटलं, सगळं तिने सांगितलं. आवाज अगदी खाली होता, तरी आपण ओरडतोय असं तिला वाटत होतं.

केसरीनाथने खळीची वाटी बाजूला सरकवली. मग त्याने एवढंच विचारलं, "मी उद्या जाणार नसतो, तर सांगितलं असतंस?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर कदाचित त्याला बरंही वाटलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. पुस्तक कपाटावर ठेवलं, चप्पल घातली आणि वाचनालय उघडायला दोन तास असताना बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेलाच. संध्याकाळी परत आला, हातपाय धुतले, आणि माई देवळात गेल्याचं बघून तिच्यासमोर बसला.

"डॉक्टरांनी मला सगळं समजावलं. बीजांचा दोष कुणाच्या हातचा नसतो, म्हणाले. ते मला पटतं. त्याबद्दल तुला कुणी कधी बोललं तर मी ऐकून घेणार नाही." तो थांबला. "पण दुसरं होतं ते तुझ्या हातचं होतं."

"मला काही बोला," ती म्हणाली. "शिव्या द्या."

"मला येत नाहीत," तो म्हणाला. खरंच येत नव्हत्या.

त्यानंतर तो तिच्याशी वाईट वागला नाही. वाईट वागला असता तर तिला आधार झाला असता. वाचनालयात वर्गणीदाराशी बोलावं तसा तो बोलायचा. "मीठ आहे का?" "उद्या वीज जाणार आहे." ताईत मात्र त्याने काढून देवघरात ठेवला. माईंनी विचारलं, तर "दोरा तुटला" म्हणाला. आपल्यासाठी हा माणूस अजूनही खोटं बोलतोय, हे पाहून प्रमोदिनीला जेवण जाईना. सालेहाने रिक्षात विचारलं, "काय झालंय तुला?" तिने सगळं सांगितलं. सालेहा नाक्यावर उतरताना म्हणाली, "तुला वाईट वाटतंय याचं त्याने काय करायचं? त्याचं गेलेलं त्याला परत दे."

दिवाळीनंतर दत्तोपंतांच्या नातीचं बारसं होतं, टेमघरला. माई, केसरीनाथ, प्रमोदिनी तिघं गेली. पाळण्याची गाणी झाली, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. पुरुषमंडळी ओटीवरून आत आली आणि दत्तोपंतांनी पुतण्याला बघून हाक मारली, "अरे केसरीनाथ, ये, जरा पाळण्याची दोरी ओढ. तेवढीच सवय! तुझ्याकडून दुसरं काही व्हायचं नाही."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. केसरीनाथही नेहमीसारखा हसला आणि दोरी धरायला पुढे झाला.

"काका, त्यांच्यात दोष नाही," प्रमोदिनी म्हणाली.

वर्गातला आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "दोष माझा आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. मला आठ वर्षांपूर्वीच तपासायला सांगितलं होतं, मी गेले नाही आणि ह्यांना दोषी ठरू दिलं. ह्यांना यापुढे कुणी हसू नका."

पाळण्यातलं बाळ तेवढं कुरकुरत होतं. दत्तोपंतांनी खाकरून कुणाला तरी पानाचं तबक आणायला सांगितलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि मग सगळ्या मिळून प्रमोदिनीकडे. तिने खाली बघितलं. लाज एकदा बाहेर काढली की संपेल असं तिला वाटलं होतं. ती संपली नाही. फक्त आता ती सगळ्यांना दिसत होती.

माई उठल्या. सुनेजवळ येऊन त्यांनी तिला वर-खाली पाहिलं. "चूर्णं मी स्वतःच्या हातांनी त्याला पाजली," त्या म्हणाल्या. "ओकायचा, तरी पाजली. तू समोर उभी असायचीस." एवढं बोलून त्या बाहेर जाऊन रिक्षात बसल्या.

घरी पोचल्यावर, दिवा लावायच्या वेळेला, केसरीनाथ स्वयंपाकघराच्या दाराशी आला. तो रागावलेला होता. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्याला रागावलेलं बघत होती.

"मला विचारलंस?"

"मला वाटलं तुम्हाला..."

"मी आईला सांगितलं होतं ते चार भिंतींच्या आत. दवंडी पिटली नव्हती. आज अख्ख्या गावाला आमच्या घरातलं कळलं. बायको नवऱ्याला आठ वर्षं फसवत होती आणि ह्या बावळटाला पत्ता नव्हता, हेही कळलं. उद्या मला याच्यावरून हसतील." त्याचा आवाज फाटला. "तेव्हाही तू तुझ्या मनाला बरं वाटेल ते केलंस. आजही तेच केलंस."

ते खरं होतं. ती म्हणाली, "मी चुकले." मग थोड्या वेळाने, "दोन्ही वेळेला चुकले."

तो तिथेच पाटावर बसला. "पण दत्तूकाकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं," तो म्हणाला, आणि हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही. तो रडू लागला. आठ वर्षांचं होतं ते, पटकन थांबणारं नव्हतं. प्रमोदिनी दोन हातांच्या अंतरावर बसून राहिली. जवळ जायचा आपल्याला हक्क आहे का, ते तिला कळत नव्हतं. शेवटी त्यानेच हात पुढे केला. पाणी मागत होता. तिने पाणी दिलं.

माई महिनाभर सुनेशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस केसरीनाथने जेवताना सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनं बदलून एकदा करून बघू. फार आशा धरू नका, म्हणाले. मी हो म्हटलंय. प्रमोदिनीचं ती ठरवेल." प्रमोदिनीने होकाराची मान हलवली. माईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "गरम पाण्याची पिशवी फुटलीय, नवी आणायला हवी ना?" कुणाला विचारलं ते कळलं नाही, पण संध्याकाळी पिशवी आली.

१९९६च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं झालं. या वेळी सहा बीजं मिळाली. टीव्हीसमोर सुचेतांनी केसरीनाथलाही बोलावलं. पडद्यावर पाच बीजं तशीच आली, दाणेदार, काळवंडलेली. प्रमोदिनीला वाटलं, आपल्याला कुणी उघडं करून दाखवतंय. तिने नजर खाली वळवली. केसरीनाथ मात्र पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत होता, फाटलेलं पान कुठून जोडता येईल ते बघावं तसा.

"हे सहावं?" त्याने विचारलं.

"हे त्यातल्या त्यात बरं आहे," सुचेता म्हणाल्या. "दाणे आहेत, पण कमी."

तेच एक फळलं. चार पेशींचा गर्भ आत ठेवला. चौदा दिवस प्रमोदिनी घरी राहिली. माईंनी तिला उठू दिलं नाही. पंधराव्या दिवशी रक्ततपासणी झाली. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की गर्भ रुजला नाही, आणि ह्या बीजांवर आणखी प्रयत्न करण्यात त्यांना अर्थ दिसत नाही. दुसऱ्या बाईचं बीज घेण्याचा मार्ग असतो, हेही त्यांनी सांगितलं.

"घेऊ या," बाहेर आल्यावर प्रमोदिनी म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी तयार झाला होतात."

केसरीनाथ जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. "तेव्हा मी तुझ्या उपकाराखाली होतो म्हणून तयार झालो होतो," तो म्हणाला. "तसलं मूल नको. आता तू माझ्या उपकाराखाली आहेस. आज नको ठरवायला."

पुढेही त्यांनी ते ठरवलं नाही. वर्ष गेलं, मग दुसरं गेलं, आणि न ठरवणं हेच ठरलं. गावात लोक बोलले. काही दिवस तिच्यावर, काही दिवस त्याच्यावर, मग दुसरे विषय निघाले. शाळेच्या स्टाफरूममध्ये ती आली की बोलणं थांबायचं. तिने ते सोसलं, कारण हे आपलंच आहे आणि उशिरा आलंय, हे तिला पटलं होतं. त्याच्याशी खोटं बोलायची वेळ मात्र पुन्हा आली नाही. दूध नासलं तरी ती कुणामुळे नासलं ते सांगायची, आणि तो म्हणायचा, "अगं, एवढ्या लहान गोष्टी नको सांगूस."

त्या मार्चच्या संध्याकाळी हॉस्पिटलातून परतल्यावर माई दारातच उभ्या होत्या. दोघांचे चेहरे बघून त्यांनी चौकट धरली. शेजारची बाईही तिच्या उंबऱ्यावर आली, आणि तिनेच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर? कुणाचं...?"

प्रमोदिनीने तोंड उघडलं. केसरीनाथने तिला थांबवलं.

"आमचं झालं नाही," तो म्हणाला. "आई, चहा ठेव. हिला बसू दे आधी."